दांडीला बांधलेली झोळी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, दांडीची सायकल आहे. गोहलपुर मोहल्ल्यातल्या एका दुकानात दोन मोडक्या सायकली जोडून मला तयार केले. खमरियाच्या कारखान्यातले कामगार तुळशीराम यांनी मला घमापुरातल्या घरी नेले, ते आपल्या मुलीसाठी, शकुसाठी. तेव्हा मध्य प्रदेश नवाच झाला होता. शकुला तिथल्याच दिंडोरीपलीकडे, डोंगरावरच्या एका गावी शाळेत नोकरी लागली होती. तिथवर मोटार जात नव्हती.

वळकटी, स्टोव्ह, पीठ, पुस्तके, सगळे माझ्या मागच्या कॅरिअरवर बांधून आम्ही निघालो. शकुचे बाबा आपल्या सायकलवर सोबत होते. वाटेत शेतकऱ्यांच्या ओसरीवर मुक्काम करत आम्ही शेवटच्या घाटापाशी पोहोचलो.

"हा घाट तू एकटीनं चढली तर राहा," बाबा म्हणाले. "नाही तर घरी चाल. वर मी नसन तुले ढकलाले."

पण चढ लागताच मागच्या ओझ्याने माझे पुढचे चाक उचलले जाऊ लागले. शकु दोनदा पडली. बाबांनी हात पुढे केला.

"हात नका लावू, बाबा! मग तुम्हीच म्हणाल, मी ढकललं म्हणून."

तिने सगळे सामान उतरवले. एक जुने लुगडे काढले आणि तान्ह्या बाळासाठी बांधतात तशी झोळी माझ्या दांडीला बांधली. जड पुस्तके आणि पीठ तिच्यात ठेवले, बाकीचे पुन्हा मागे बांधले. माझे पुढचे चाक जमिनीला टेकले. ती मला ढकलत निघाली.

शेतात कोदोचे भरड धान्य कापणारी त्या गावची चंपाबाई हसली. "काय दीदी, झोली में लल्ला सो रहा है का?"

"लल्ला नहीं, पूरी पाठशाला है!" शकु धापा टाकत म्हणाली.

घाट संपला. पुढे रामतिळाची, म्हणजे कारळ्याची, पिवळी शेते पसरली होती. बाबांनी आपल्या सायकलचा पंप सोडून मला बांधला.

"बाबा, वाटेत तुम्हाला लागेल."

"मले काहून लागते? मले आता उतारच हाय."

त्या गावच्या कितीतरी मुली माझ्यावर सायकल शिकल्या. पुढे मोटार आली आणि मी पडवीत गंजत पडले. आता शकुची विद्यार्थिनी अंजनी मला पुन्हा शेतावर नेते.

मित्रांनो, तुमच्या सायकलला उन्हापावसात टाकू नका. साखळीला तेल द्या. आणि चढावर कुणी अडखळली, तर लगेच परत बोलावू नका. थोडे थांबा. ती आपले ओझे नव्याने बांधत असेल.