देव नव्हे, घोडा

मित्रांनो, मी देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण धुळ्यात माझं कोणी ऐकत नाही. मी एक जुना प्लॅस्टरचा घोडेस्वार आहे.

एका शेतात, लढाईत पडलेल्या घोडेस्वार वीराचा कोरीव दगड निघाला. तो इथल्या छोट्या संग्रहालयात काचेआड बसला. मग अंध माणसांनी तो पाहायचा कसा? संग्रहालयाच्या देवचंद सरांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी मूर्तिकार चिंधाभाऊंकडून त्या दगडाचा साचा काढून मला घडवून घेतलं. कान, आयाळ, लगाम, सगळं बोटांना कळेल असं. खाली लाकडी खोक्यात टेपरेकॉर्डर. बटण दाबलं की सरांचा आवाज सांगे, "आता उजवा हात वर न्या. हा घोड्याचा कान." वर पाटी लावली, 'हात लावा'. अंधशाळेतली मुलं माझ्यावरून बोटं फिरवत आणि खिदळत. किती सुखाचे दिवस होते ते!

तीच पाटी माझ्या मुळावर आली. साऱ्या संग्रहालयात 'हात लावू नये' आणि एकट्या मलाच हात लावायचा, म्हणजे हा नक्की देव, असं डोळस मंडळींनी ठरवलं! कोणी मला खंडोबा म्हणे, कोणी म्हसोबा. शेंदराबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. सर होते तोवर पुसत, रागावत. ते निवृत्त झाले आणि भक्तांना रान मोकळं मिळालं. दर अमावास्येला तेलात कालवलेला नवा थर! शिपाई तोताराम अडवील म्हणता? तो प्रसादाच्या खोबऱ्यावर खूश. कान बुजले, आयाळ बुजली. मी गोटा झालो, निव्वळ गोटा!

गेल्या महिन्यात एरंडोलहून भिकुबाई आल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तोतारामला म्हणाल्या, "भाऊ, मना लगनमा नवरदेव घोडावर उना. बठ्ठा म्हनतस, काय घोडा व्हता! माले मातर कोनी हात लावू दिना नही. आठे हात लाईसन घोडा दखता येस ना?" स्वतःच्या लग्नात नवरदेव ज्यावर आला, साऱ्यांनी वाखाणला, तो घोडा त्यांच्या हाताला लागलाच नव्हता; आता इथे तरी बोटांनी घोडा पाहायचा होता.

त्यांनी बटण दाबलं. सर म्हणाले, "हा घोड्याचा कान." भिकुबाईंची बोटं गुळगुळीत ढेकळावर फिरत राहिली.

"कोठे शे कान?"

पुन्हा बटण, पुन्हा तेच. अहो, आतच आहे, असं ओरडावंसं वाटत होतं मला! शेवटी त्या नखाने खरवडू लागल्या. एक पापुद्रा सुटला आणि कानाचं टोक त्यांच्या बोटाला लागलं.

"सापडना!" कान सापडला म्हणून त्यांचा चेहरा केवढा उजळला.

तेवढ्यात तोताराम खेकसला, "ओ अक्का, देवले नख लावतस का कोनी?"

भिकुबाईंनी झटकन हात मागे घेतले, जोडले आणि माझी माफी मागितली. माझी! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एसटीची वेळ झाली होती. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "बाकीना घोडा दखाले पुढला महिनामा येसू."

अमावास्येला तो कानही लिंपला गेला.

मित्रांनो, देवळात खुशाल शेंदूर वाहा. पण जी वस्तू कुणाची तरी नजर म्हणून घडवली आहे, तिच्यावर आपली भक्ती थापू नका. आणि तुमच्यापैकी कोणी धुळ्यात असेल, तर रॉकेलचा बोळा घेऊन लवकर या. महिना भरत आला आहे. भिकुबाई येण्याआधी मला पुन्हा घोडा व्हायचं आहे.