नाही एक, नाही दोन

आमची आजी माणसं मोजत नसे. दर शुक्रवारी संध्याकाळी, आमचा पवित्र शब्बाथ सुरू होताना, ताटं मांडत आमच्याकडे बोट करून पुटपुटे, "नाही एक, नाही दोन, नाही तीन..." मोजलेल्या माणसावर मृत्यूची नजर पडते, असं आम्हा ज्यूंमध्ये जुनी माणसं मानत.

त्या शुक्रवारी दुपारी माझी बहीण सेल्मा शर्यतीत पोहणार होती. जिंकणारीला बर्लिनच्या जागतिक खेळांसाठी देशाच्या संघात जागा होती. ज्यूंना क्लबांतून केव्हाच काढलं होतं. पण परदेशी लोक विचारतील, म्हणून सेल्माला उघड मनाई कोणी केली नव्हती.

"आज मला मोजावंच लागेल त्यांना," ती निघताना म्हणाली.

"तोंड सांभाळ, बये!" आजी कळवळली.

तलावाच्या काठावर पाच मुली उभ्या राहिल्या. पंच बोटाने मोजत आला. "एक, दोन, तीन, चार." सेल्मापाशी बोट थांबलंच नाही. "चौघी आहेत. तयार!"

"साहेब, मी पाचवी!"

तो तिच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला. प्रत्येक लेनच्या टोकाला घड्याळ घेऊन एकेक जण बसला होता. तिच्या लेनची खुर्ची रिकामी होती.

पिस्तूल वाजलं. प्रेक्षकांत मी एकटाच ओरडत होतो. सेल्माचा हात भिंतीला सगळ्यांच्या आधी लागला. टाळ्या पडल्या त्या मागून इर्मा पोचल्यावर.

इर्मा तिची लहानपणापासूनची मैत्रीण. "इर्मे, पाहिलंस ना गं? मी पुढे होते ना?"

इर्मा शहारली. शेजारच्या मुलीला म्हणाली, "कुठून तरी गार वारा येतोय का गं?"

सेल्मा चालू लागली. मागोमाग एक बाई फडकं घेऊन तिच्या ओल्या पावलांचे ठसे पुसत आली. दारापर्यंत एकही उरला नाही.

घरी मेणबत्त्या लागल्या होत्या. आजी ताटं मांडत होती. "नाही एक..."

"आजी, नको. मोज मला."

"वेड लागलं का तुला?"

"आज कुणीच मोजलं नाही गं."

तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. खरं सांगतो, मलाही शंका आली. मी तिच्या हाताला हात लावून पाहिला. गार होता, पण होता.

आजीने हातातलं ताट खाली ठेवून तिच्याकडे बोट केलं. मग उघड्या खिडकीसमोर, जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने म्हणाली, "एक."

खाली रस्त्यावरून जाणारे गस्तवाल्या शिपायांचे बूट थांबले.

आजीने खिडकीकडे पाहिलं. तरी तिचं बोट माझ्याकडे वळलं.

"दोन," ती म्हणाली.