गार पेटी

मी एक मतपेटी बोलतेय. डोक्यावर फट असलेली, तीच. पोटातलं ओठावर आणू नये म्हणतात. पण माझं पोटच पारदर्शक, तेव्हा लपवू तरी काय?

माझा जन्म दूरच्या एका श्रीमंत देशातला. तिथल्या लोकांनी ठरवलं होतं, गरीब देशांना लोकशाही पाठवायची. मग विकास आणि शांतता मागोमाग चालत येतील. त्याच सुमारास इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना अर्ज केला होता. पहिली ओळ, 'एक पेटी पाठवा.' दुसरी, 'मुलांच्या लशी गार राहत नाहीत.' अर्ज चार टेबलं फिरला. चौथ्या टेबलावर पहिलीच ओळ वाचली गेली आणि पेटी निघाली. ती मी.

बाईंनी माझं झाकण उचललं. "अहो साहेब, यात बर्फ कुठं ठेवायचा?"

माझ्याबरोबर आलेले लोकशाही प्रकल्पाचे साहेब हसले. "ताई, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. आता गावाचा कारभारी तुम्हीच निवडाल. तो देईल की तुमची पेटी!"

"आणि तोवर पोरांना गोवर झाला तर?"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग पाच दिवस कार्यशाळा झाली. घडी कशी घालायची ते शिकवलं. मतपत्रिकेची हो, संसाराची घडी ज्याची त्यानं बसवायची.

उभे दोघे राहिले: नर्सबाईंचा दीर आणि खालच्या गल्लीतला गिरणीवाला. कालपर्यंत एका नळावर गप्पा मारणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून पाणी भरू लागली. दिरानं एक गार पेटी कबूल केली, गिरणीवाल्यानं दोन. बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं!

दीर नऊ मतांनी निवडून आला. एकसष्ट मतं बाद झाली, कारण त्यांवर शिक्का न मारता लिहिलं होतं, 'आधी गार पेटी'. साहेबांनी 'मतदारांना अजून शिक्षणाची गरज' असा शेरा मारला, नर्सबाईंना माझ्या शेजारी उभं करून फोटो काढला आणि विमान गाठलं.

त्याच संध्याकाळी गिरणीच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या. खालच्या गल्लीनं बाईंकडे मुलं आणणं सोडलं. पेटीचं विचारलं की दीर म्हणायचा, "वहिनी, जरा दमानं. लोकशाही नवी आहे." असा राग यायचा मला! मी लोकशाहीला नावं ठेवत नाही, तिचंच मीठ खाते. पण ज्यांना लोकांचं मत हवं होतं, त्यांनी लोकांचं पत्र तरी शेवटपर्यंत वाचायचं होतं.

शेवटी बाईंनी मलाच कामाला लावलं. भोवती जुनी रजई, आत बर्फ, बर्फात लशी. पण डोक्यावरची ती फट! जिथून मतं आत आली, तिथूनच गारवा बाहेर जायचा. दोनदा सगळ्या लशी टाकून द्याव्या लागल्या. दुसऱ्या वेळी बाई माझ्यावर हात ठेवून रडल्या.

मग साहेबांचा अहवाल आला. जाडजूड, गुळगुळीत, वर आम्हा दोघींचा फोटो. बाईंनी त्याची पानं, शिकवल्याप्रमाणे, नीट घडी घालून फटीत ठासली. त्या दिवशी बर्फ दुपारपर्यंत टिकला. अहवालाचा एवढा उपयोग मी तरी दुसरा पाहिला नाही.

दुपारीच गिरणीवाल्याची सून दारात आली, कडेवर मुलगी. "सासरे नको म्हणतात. पण गल्लीत गोवर आलाय. आहे का हो लस, ताई?"

"बस," एवढंच बाई म्हणाल्या. रजई बाजूला केली. कुपी गार होती.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. साहेबांनी कळवलंय, पेटी रिकामी करून पाठवा. बाईंनी उत्तर लिहिलं, या वेळी एकाच ओळीत: 'गार पेटी आणा आणि ही न्या.'

मी जायला तयार आहे हो. मतं घेण्यासाठीच तर जन्मले. पण ती येईपर्यंत कृपा करून मला हलवू नका. उद्या सहा पोरं यायची आहेत, त्यातली तीन खालच्या गल्लीतली.