प्रमद्वरेला कोणी विचारलं नव्हतं

प्रमद्वरेच्या कोपराखाली ओतकामाची एक कड राहून गेली होती. शिल्पकाराची बायको गुडघ्यांवर बसून ती कानशीने घासत होती, तेवढ्यात इस्पितळाचे मोठे डॉक्टर कार्यशाळेत आले. त्यांनी पुतळ्याभोवती सावकाश एक चक्कर मारली. जमिनीवर निपचित पडलेली प्रमद्वरा आणि तिच्या उशाशी बसलेला रुरू. महाभारतातल्या कथेत लग्नाआधीच साप चावून ती गेली, तेव्हा त्याने आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणलं. हे ब्राँझचं जोडपं आता इस्पितळाच्या अंगणात बसणार होतं.

“तुमचीच गोष्ट आहे ही, वहिनी,” डॉक्टर म्हणाले. “असा नवरा मिळायला भाग्य लागतं.”

“हो ना,” ती म्हणाली.

हे ‘हो ना’ आता तिच्या तोंडात बसून गेलं होतं. नवऱ्याचं मूत्रपिंड तिच्या पोटात आल्यापासून जावा, शेजारणी, अगदी दूधवालासुद्धा भाग्याचं हेच वाक्य ऐकवून जायचा. तिच्या पथ्याच्या अळणी भाजीवरून नवरा कुरकुरला, तरी उलट बोलायची तिला चोरी झाली होती.

डॉक्टर गेले. नवरा रुरूच्या पाठीला मेण चोळत होता.

“हिला कोणी विचारलं होतं का?” तिने कानस खाली ठेवली.

“काय?”

“अर्धं आयुष्य हवंय का म्हणून.”

“मेलेल्या माणसाला कसं विचारणार?”

“मी मेले नव्हते. नको म्हणाले होते. तू लेकीला पुढे केलंस. ती रडली, म्हणून मी सही केली.”

त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“तू नसलीस तर त्या घरात संध्याकाळी दार उघडून आत कसं जायचं, हेच मला सुचत नव्हतं,” तो म्हणाला. “भ्यालो होतो गं. लोक त्याला त्याग म्हणायला लागले. ऐकायला बरं वाटलं, मग मीही गप्प बसलो.”

तिने मान वर करून रुरूकडे पाहिलं. इतके महिने ती त्याच्या नाकाडोळ्यांवरून हात फिरवत होती. देणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. गर्दीत आईचं बोट सुटलेल्या पोराचा होता.

ती उठली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बघू,” ती म्हणाली.

त्याला कळलं. त्याने सदरा वर केला. कुशीवरचा तो व्रण तिने आजवर कधी पाहिला नव्हता. तो अंघोळ करून आला की ती तोंड फिरवून दुसरं काही करायला लागायची. तिने त्यावर बोटं ठेवली.

“हात गार आहे तुझा,” तो म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली, आणि तिने हात काढला नाही.