गुरम्माची डबी आणि सरकारी तार

मी एक जुने तारयंत्र आहे. मित्रांनो, म्हाताऱ्याची कुरकूर म्हणून माझे बोलणे सोडून देऊ नका. जन्मभर मी तेच सोसले आहे.

माझी घडण पितळेची. सोलापुरातल्या एका लहानशा तारघरात मला बसवले, तेव्हा आवाज घुमावा म्हणून तारमास्तर संगप्पांनी माझ्यामागे तंबाखूचा रिकामा डबा लावला. मी कडकट्ट करायचे आणि ते कानाने ऐकून कागदावर उतरवायचे. कापसाचे भाव, सोयरिकी, बारशी, मरणे, सगळे माझ्या तोंडून आले. "आमचं यंत्र कधी चुकत नाही," असे संगप्पा आल्यागेल्याला सांगायचे. मला फार बरे वाटायचे.

गावच्या साप्ताहिकासाठी परदेशच्या बातम्याही मीच आणायचे. त्या बातम्यांचा रंग काही वर्षांपासून बदलत चालला होता. एका देशात मंत्री मारला, दुसऱ्यात आगगाडीखाली बॉम्ब ठेवला. मारेकरी एका देशात शिकायचे, दुसऱ्यातून खोटे कागद घ्यायचे आणि तिसऱ्यात जाऊन गोळी झाडायचे. मी घसा फोडून सांगत होते. पण साप्ताहिकाला जागा हवी असायची ती केसांच्या तेलाच्या जाहिरातीला, आणि कचेरीत इशाऱ्याची तार खिळ्याला टोचली की काम संपले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय!

मग १९३४च्या ऑक्टोबरात युरोपातल्या एका बंदरात एका राजाला भर रस्त्यात, मोटारीत बसलेला असताना गोळ्या घातल्या. तेव्हा कुठे सरकार जागे झाले, आणि जागे झाले ते असे की विचारू नका! सोलापूरने चारच वर्षांपूर्वी मार्शल लॉ पाहिला होता, त्यामुळे इथले साहेब ताकही फुंकून पिणारे. दिवसाला दहा-दहा हुकूम येऊ लागले. त्यातला एक असा होता: "अंड्याएवढ्या धातूच्या वस्तूंवर नजर ठेवा, बॉम्ब असू शकतो. उघडू नका. वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत वाळूत ठेवा."

दुसऱ्याच दिवशी सकाळी, आमच्या तारघराला लागून असलेल्या फलाटावर गुरम्मा आली. सत्तरी उलटलेली लिंगायत बाई, अक्कलकोटला लेकीकडे निघालेली. तिच्या गळ्यात चांदीची अंड्यासारखी डबी होती आणि डबीत तिचे इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळालेले, जन्मभर अंगावर वागवायचे लहानसे शिवलिंग. ते दुसऱ्याने हाताळायचे नाही, आणि ते अंगावर नसेल तर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही तिची रीत. सोलापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मानसिंग फौजदार खानदेशातून नुकतेच बदलून आले होते. त्यांना फक्त माझी तार ठाऊक.

"ती डबी काढा," ते म्हणाले.

"सायेब, त्ये देव हाय की तिचं," हवालदार ज्ञानबा कळवळून म्हणाला.

"मला शिकवू नकोस."

"मीच उगडून दावते की बाबा," गुरम्मा म्हणाली. "आत काय बी न्हाय, लिंग हाय."

"उघडायची नाही! हुकूम आहे."

सांगा मित्रांनो, यावर काय बोलायचे? उघडली असती तर क्षणात उलगडा झाला असता, आणि नेमके तेच करायला बंदी! कोठडीची धमकी ऐकून गुरम्माने स्वतःच्या हाताने डबी वाळूच्या बादलीत ठेवली आणि ती खाली बसली. गाडी निघून गेली.

संगप्पांनी ताबडतोब तार केली: "वस्तू इष्टलिंग आहे. वृद्ध बाई निर्जळी. परत देण्याचा हुकूम द्यावा." मी जीव तोडून ती पाठवली. तासाभराने उत्तर आले: "सविस्तर अहवाल पाठवा." तो पाठवला. पुढचे उत्तर: "वजन कळवा." आणि मधल्या वेळात तोच सावधगिरीचा हुकूम पुन्हा, पुन्हा, पुन्हा! मला वाटले, माझी तारच कुणीतरी तोडून टाकावी.

ऑक्टोबरचे ऊन. दुपारचे दोन वाजले. गुरम्माचे ओठ सुकून पांढरे पडले. ज्ञानबाने तांब्या पुढे केला.

"न्हाय बाबा. त्येला सोडून मी कशी पिऊ?" ती म्हणाली, आणि तिची मान कलंडली.

तार पाठवायच्या माझ्या पट्टीवरचा संगप्पांचा हात थांबला. ते उठले, बाहेर गेले. तेही लिंगायत, दुसऱ्याच्या लिंगाला हात कसा लावणार? त्यांनी आख्खी बादलीच उचलली.

"मास्तर, हुकूम आलेला नाही!" फौजदार ओरडले आणि वीस पावले मागे पळाले.

"म्हातारी गेल्यावर येईल," संगप्पा म्हणाले. त्यांनी बादली गुरम्मासमोर ठेवली.

तिने डबी काढली, उघडली, काळे लिंग तळहातावर घेऊन फौजदारांना दाखवले. मग ते धुतले, डोळ्यांना लावले, आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. मी लोखंड-पितळेचे, पण मला रडू आले.

इथे संपले असते तर मी आज इतके चिडले नसते. पंधरा दिवसांनी वरून फौजदारांना दक्षतेबद्दल शाबासकी आली. सोबत नवा हुकूम: "सोलापूर भागात अंड्याएवढी संशयास्पद वस्तू सापडली आहे. तपास अधिक कडक करा." हे खोटेही मलाच बोलावे लागले. संगप्पांनी ते मान खाली घालून लिहून घेतले. त्यानंतर 'आमचं यंत्र कधी चुकत नाही' असे ते कुणाला म्हणाले नाहीत.

आता नवे यंत्र आले आणि मी माळ्यावर पडले आहे, असे म्हणायची वेळ माझ्यावरही आली. माझी विचारपूस करू नका हवे तर. पण मित्रांनो, खरा इशारा आला तर तो खिळ्याला टोचून ठेवू नका, आणि इशाऱ्याच्या नावाखाली कुणाला अडवाल तर आधी त्याचे ऐका, शेजाऱ्याला विचारा.

गुरम्मा पुढे आगगाडीत कधी बसली नाही. लेकीला भेटायला ती बारा कोस बैलगाडीने जाते, आणि वाटेत खाकी कपडा दिसला की पदराखालची डबी दोन्ही हातांनी झाकते.