ओठ हलले की वाक्य हवं

टॅक्सीची काच बंद होती, म्हणून समोरच्या फळवाल्याच्या तोंडी मावशीनं स्वतःच वाक्यं घातली.

“सफरचंद हातात घेऊन बघा बाई, पण दाबू नका,” ती जाड्याभरड्या आवाजात म्हणाली. बाहेर फळवाल्याचे ओठ त्याच तालावर मिटले आणि उघडले. त्याच्यासमोरची बाई तणतणायला लागली, तशी मावशीनं आवाज चढवून तिचीही बाजू सांभाळली. “दाबल्याशिवाय कळणार कसं? मागच्या खेपेला नेली, तर आतून नुसता भुसा!”

टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला आणि सिग्नल सुटल्याचं त्याला मागच्या गाड्यांच्या हॉर्नमुळे कळलं. भाची हसून हसून बेजार झाली.

“मावशी, आज तरी आवाज जपून ठेव. खेळ संपला की ते वाक्य म्हणायचंय स्टेजवर.”

“त्याला काय जपायचं? ते मी झोपेतसुद्धा म्हणेन.”

बोलण्यात ऐट होती, पण हातातल्या रुमालाचा तिनं केव्हाच बोळा करून टाकला होता.

मावशीचा चेहरा कुणाच्या ओळखीचा नव्हता आणि नाव तर पडद्यावर कधीच आलं नव्हतं. तरुणपणी तिला नटी व्हायचं होतं. दात थोडे पुढे, म्हणून कॅमेऱ्यानं तिला नाकारलं. आवाजात मात्र काही खोट नव्हती, म्हणून तिची रवानगी डबिंगच्या खोलीत झाली. तिथं तिनं परदेशी सुंदऱ्यांच्या तोंडी आपली भाषा घातली. त्यांच्या वतीनं ती रडली, भांडली, दोन-चारदा मेलीसुद्धा. पुढे ती कामं आटली, तेव्हा बँकेच्या फोनवर “कृपया थोडा वेळ थांबा” म्हणणारी बाई ती झाली. लोक त्या बाईवर चिडायचे, फोन आपटायचे. मावशी म्हणायची, निदान ऐकतात तरी.

पण एका सिनेमानं तिला जन्माची पुंजी दिली होती. काळापांढरा, हॉलिवूडचा. मूकपटांच्या काळात गाजलेली एक नटी उतारवयात खाणावळ चालवते. भाडेकरूंच्या चादरी बदलते, आणि ही कोण होती याचा त्यांच्यापैकी कुणाला पत्ता नसतो. एका तरुण भाडेकरूला ते कळतं. तो गल्लीतल्या थिएटरात तिच्या जुन्या मूकपटाचा खेळ लावतो आणि त्या खेळाला कुत्रंही फिरकत नाही. रिकाम्या खुर्च्यांमध्ये ती एकटी बसते. पडद्यावर तिचंच तरुण रूप. आणि अगदी शेवटी, कॅमेरा तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याजवळ येतो तेव्हा ती म्हणते, “मला बघा. मी अजून आहे.”

या वाक्यानं तेव्हा थिएटरं रडली होती. माणसं घरी जाऊन ते म्हणायची, चेष्टेत म्हणायची, खऱ्यानंही म्हणायची. त्यानंतर मावशीला कुठल्या लग्नात, कुणाच्या निवृत्तीच्या समारंभात, एकदा तर दवाखान्याच्या वॉर्डात कुणी ना कुणी आग्रह केलाच: “एकदा म्हणून दाखवा ना ते.” ती आढेवेढे घ्यायची, घ्यायचे तेवढेच, आणि म्हणायची.

डब केलेल्या त्या सिनेमाची आता एकही प्रत उरली नव्हती. रिळं गोदामात कुजून गेली. आज फिल्म क्लबनं जो आणला होता तो परदेशात डागडुजी केलेला मूळ सिनेमा होता, मूळ आवाजांसह, खाली अक्षरं येणारा. मावशी तो पहिल्यांदाच ऐकणार होती.

हो, पहिल्यांदाच. डबिंगच्या वेळी मास्तरांनी, म्हणजे डबिंगच्या दिग्दर्शकांनी, तिला मूळ आवाज कधी ऐकूच दिला नव्हता. “ऐकलास की नक्कल करशील,” ते म्हणायचे, “तू फक्त ओठ बघ.” मूळ आवाज रेकॉर्डिस्टच्या कानात असायचा. मावशी काचेच्या अलीकडे उभी राहून मुक्या चित्राचे ओठ वाचायची. ते मिटले की तिथं प, ब, म यांपैकी काहीतरी यायलाच हवं. गोल झाले की ओ किंवा ऊ. आणि ओठ हलले की वाक्य हवं, हा त्या खोलीतला पहिला नियम होता.

थिएटरच्या दारात तो रेकॉर्डिस्ट उभाच होता. चांगला कान म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. आता त्याच कानामागे एक बारकं यंत्र बसलं होतं.

“बाई, हसू नका,” तो आधीच म्हणाला.

“हसत नाही हो. किती ऐकू येतं?”

“बायको बोलते तेव्हा कमी, बाकी ठीक.”

क्लबचे चिटणीस लगबगीनं पुढे आले. त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला, पुढच्या रांगेत बसवलं आणि शंभरदा सांगून झालेलं परत सांगितलं: दिवे लागले की ते नाव पुकारतील, ती स्टेजवर येईल, ते वाक्य म्हणेल. “बस, बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल.” मावशीनं मान डोलावली. चिटणीस वळल्यावर ती भाचीला म्हणाली, “बाकी काही बोलले तरी कोण ऐकणार आहे?” पण ती खूश होती, अगदी मनापासून खूश होती.

दिवे मालवले. खाणावळीचा जिना आला, चादरींची चळत हातात घेऊन ती नटी आली, आणि तिनं तोंड उघडलं.

मावशी खुर्चीत ताठ झाली. आवाज घोगरा होता. थोडा पुरुषी, सिगरेट ओढणाऱ्या बाईचा असतो तसा. मावशीनं तिला चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज दिला होता. पहिली पाच-दहा मिनिटं तिला राग येत राहिला, जणू आपल्या घरात दुसरीच बाई पदर खोचून वावरते आहे. मग तिनं हिशोब सोडला. बाई चांगली होती. भाडेकरूंशी बोलताना ती वाक्याच्या शेवटी आवाज टाकून द्यायची, नको असलेलं पाणी ओतावं तसा. हे ओठांवरून कळलं नव्हतं. एका ठिकाणी मावशीच्या तोंडून “वा” निघून गेलं.

“तुमचं हसू जास्त चांगलं होतं,” कानसेन कुजबुजला.

“गप्प बसा, ऐकू द्या,” ती म्हणाली, पण ते तिला आवडलं.

शेवटचा प्रसंग आला. रिकाम्या खुर्च्या. पडद्यातल्या पडद्यावर ती तरुण मूक नटी दोन्ही हात पुढे करून काहीतरी बोलत होती. कॅमेरा म्हाताऱ्या चेहऱ्याजवळ आला. मावशीनं नकळत श्वास भरून घेतला, नेमका तेवढाच, जेवढा त्या वाक्याला लागतो.

ओठ हलले. मिटले, उघडले, परत मिटले.

आवाज आला नाही. खाली अक्षरंही आली नाहीत. नुसते ओठ हलत राहिले, आणि समोर पडद्यावर तरुणपणीचे तेच ओठ त्याच वेळी, तसेच हलत राहिले. मग अंधार झाला.

शेजारी खुडबुड चालली होती. कानसेननं कानामागचं यंत्र काढून तळहातावर आपटलं, परत लावलं.

“बाई, वाक्य झालं का? माझं हे ऐन वेळेला बंद पडलं बघा.”

मावशीची नजर अजून काळ्या पडद्यावरच होती.

“यंत्र चांगलं आहे तुमचं. ती बोललीच नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात हळूहळू कानावरून खाली आला. तिला माहीत होतं त्याला काय आठवतंय, कारण तिलाही तेच आठवत होतं. त्या दिवशी तो काचेपलीकडून ओरडला होता की इथं आवाज नाही, रीळ खराब आलंय. मास्तर वैतागले होते. कागदावर त्या जागी काही लिहिलेलं नव्हतं आणि परदेशातून दुसरं रीळ मागवायचं तर महिना मोडला असता. मास्तरांनी चार-पाच वाक्यं लिहिली, खोडली. ओठांवर एकही बसेना. शेवटी चित्र परत फिरवलं, तेव्हा मावशीच्या तोंडून आपोआप निघालं: मला बघा, मी अजून आहे. चपखल बसलं. मास्तर म्हणाले, ठेवा. मूकपटातली नटी आपल्या जुन्या भूमिकेबरोबर नुसते ओठ हलवते आहे, इतकी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. ओठ दिसले आणि त्यांनी ते भरून टाकले.

“आपण समजलो...” कानसेननं सुरुवात केली.

“राहू द्या.”

दिवे लागत होते. टाळ्या पडत होत्या. चिटणीस माइकशी खटपट करत होते. मावशी उठली, भाचीला म्हणाली, “आलेच,” आणि बाजूच्या दारानं बाहेर पडली.

बायकांच्या स्वच्छतागृहात कुणी नव्हतं. तिनं नळ सोडला आणि मनगटांवर पाणी घेत उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, लाज वाटत होती. त्या बाईनं गप्प राहून जे केलं होतं ते जन्मात कुणाला जमणार नाही असं होतं, आणि त्याच्यावर आपण वाक्य चिकटवलं. तेवढ्यावर आयुष्यभर मिरवलो. आता ते कुठल्या तोंडानं म्हणायचं? स्टेजवर जाऊन सरळ सांगून टाकावं, की घसा बसलाय म्हणावं? बँकेच्या फोनवरच्या बाईला घसा बसल्याचं कारण चालत नसे.

काठी टेकत एक म्हातारी बाई आत आली. मावशीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं शेजारचा नळ सोडला आणि आरशातूनच तावातावानं बोलायला लागली.

“कापलं हो मेल्यांनी! बघितलंत ना? शेवटचं वाक्यच कापून टाकलं!”

मावशीनं आपला नळ बारीक केला.

“डागडुजी म्हणे. अशी असते का डागडुजी? अहो, त्या एका वाक्यासाठी मी नातसुनेच्या हातापाया पडून आले. तिला वाटतं म्हातारीला खूळ लागलं.” तिनं तोंडावर पाणी मारलं. पुसायला काही सापडेना, तशी मावशीनं आपला रुमाल पुढे केला. तो घेताना बाईचा आवाज उतरला. “आमचे हे म्हणायचे ते. संध्याकाळी कामावरून आले की दारात उभे राहायचे. माझं आपलं तोंड चुलीकडे, मी कशाला वर बघतेय! की मग हे सुरू. हात असे छातीवर घेऊन, अगदी तिच्यासारखा आवाज काढून. मी म्हणायची, पुरे झाला चावटपणा, पाय धुवा.”

“मग?”

“मग काय, बघायची मी वर.” ती जरा हसली. “आता ते गेले. शब्द आहेत हो माझ्यापाशी. मला बघा, मी अजून आहे. पाठच आहेत. पण ते म्हणायचे कसे, ते हरवलंय. कुठे थांबायचे, कुठे आवाज बारीक करायचे... रात्रंदिवस आठवून बघते, चालच सापडत नाही. म्हटलं ते जिथून शिकले, तिथं जाऊन ऐकावं. तर ते कापलेलं.”

दारावर थाप पडली. भाचीनं डोकं आत घातलं. “मावशी, अगं नाव पुकारलं तुझं! सगळे थांबलेत.”

मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती आरशातल्या त्या अनोळखी, ओल्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं मान थोडी वर केली, श्वास भरून घेतला आणि म्हटलं.

“मला बघा.” तिथं ती थांबली, पूर्वी थांबायची तेवढीच. “मी अजून आहे.”

आवाज म्हातारा झाला होता. ‘अजून’पाशी तो किंचित फाटला. पण चाल तीच होती.

बाईनं आधी आपला नळ बंद केला, मग मावशीचाही. दोन्ही नळ बंद झाल्यावर तिथं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

“परत म्हणा,” ती म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

“मावशी, ते चिटणीस—”

“त्यांना सांग, कृपया थोडा वेळ थांबा,” मावशी म्हणाली आणि तिनं पुन्हा श्वास घेतला.