नीरजाच्या खोलीतला कूलर

खिडकीत बसवलेला, दिवसभर घरघरणारा पत्र्याचा डबा तुम्ही पाहिला असेल. तोच मी, कूलर. दिल्लीचा उन्हाळा माझ्याशिवाय निघत नसे, असेही माझे दिवस होते.

करोल बागेतल्या एका गल्लीत पत्रा ठोकून, वाळ्याच्या ताट्या लावून मला उभं केलं. अविनाशरावांनी मला टेम्पोत घालून मयूर विहारला आणलं. ते एका कारखान्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. मोठ्या बोर्डावर यंत्रांचे नकाशे काढत. घरात बायको वृंदाताई आणि एकुलती एक नीरजा. ती बारावीला होती म्हणून मला तिच्या खोलीत बसवलं. आईबाबा दोघं बाहेर पंख्याखाली उकडत झोपत.

तेव्हा नोएडात, गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या. अविनाशरावांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले होते आणि बोर्ड एकेक करून गोदामात चालले होते. घरी ते याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त नीरजाच्या दारात उभे राहून म्हणत, "नीरू, इंजिनिअरिंगला नंबर लागायलाच हवा. डिग्रीशिवाय आता कोणी विचारत नाही."

मे महिन्यात प्रवेश परीक्षा झाली. नीरजा घरी आली, "छान गेला पेपर," म्हणाली, दार लावून घेतलं आणि माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग माझ्यासमोर बसून रडू लागली. माझ्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर रोज दुपारी ती माझ्या जाळीशी तोंड नेऊन घोकायची, "बाबा, मी अर्धा पेपर कोरा दिला. हातच चालेना." घोकायची आणि गिळून टाकायची. बाहेर अविनाशराव शेजाऱ्यांना सांगत असायचे, "अब तो पक्का समझिए!"

निकाल जवळ आला तशी ती जेवेनाशी झाली. एकदा पुटपुटली, "आता या घरात राहूच नये." कुठं जाणार, कशी जाणार, काही बोलली नाही. माझा जीव टांगणीला लागला. तिला धरून ठेवायला मला हात कुठले?

एका रविवारी ती रडत, ओरडूनच बोलत होती. "बाबा, मी कोरा पेपर दिला! माझं आता काही होणार नाही!" आणि ती हे बोलत असतानाच नेमकी लाइट गेली. माझा पंखा थांबला. तिचं बोलणं घरभर ऐकू गेलं.

अविनाशराव दार ढकलून आत आले. नीरजा भिंतीला चिकटून उभी राहिली.

"काय म्हणालीस?"

उत्तराची वाट न पाहता ते बाहेर गेले, बादली भरून आणली आणि लाइट नसतानाच माझ्या टाकीत पाणी ओतू लागले. अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

"अहो, ठेवा ती बादली," वृंदाताई म्हणाल्या.

ते ओल्या फरशीवरच बसले. "नीरू, माझाही बोर्ड नेला परवा. नवी मुलं कॉम्प्युटरवर रेषा मारतात, मी त्यांच्या मागे नुसता उभा असतो. तू इंजिनिअर झालीस की माझी भीती जाईल, असं वाटायचं. तुझी भीती दिसलीच नाही गं मला."

"मग आता मी काय करू, बाबा?"

"नाही माहीत. खरंच नाही माहीत मला."

केवढं भयंकर उत्तर! पण नीरजा भिंत सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

निकालात तिचं नाव नव्हतंच. पुढे तिनं बी.ए. केलं, एका प्रवासी कंपनीत लागली. ती कंपनी बंद पडली, मग दुसरीत. अविनाशराव कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागले. बोटं कशी अडखळली ते घरी येऊन सांगू लागले. दर नव्या नोकरीच्या आदल्या दिवशी नीरजा म्हणायची, "आई, बहुत भीती वाटतेय यार!" आणि सकाळी जायची.

मग एसी आला. मला गच्चीवर ठेवलं. माझा तळ गंजून गेला आहे. उद्या भंगार नेणारा कबाडीवाला येणार आहे. हा पत्रा वितळवून त्याचं काय करतील, कुणास ठाऊक! मुलांनो, मलाही भीती वाटते. म्हणून तर हे सगळं तुम्हाला ऐकवून टाकलं. तुम्हीही कुणाला तरी ऐकवा.